नसलेल्या चिंचेची सावली

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक चिंच होती. आता नाही. पण मागच्या उन्हाळ्यात, भर बाराच्या उन्हात, त्या चिंचेची सावली मला लागली. डोळ्यांना दिसली नाही, पायांना लागली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला हसायचं आहे त्यानं हसून घ्यावं आणि मग पुढं वाचावं.

मी चौथीत शाळा सोडली. त्यानंतर जे शिकलो ते पायांनी शिकलो. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा वाहायचो. पाठीवर ओझं असलं की मान वर होत नाही, माणूस नुसती जमीन बघत चालतो. त्यात माझ्या पायात चप्पल नव्हती. आमच्या पेठेत अनवाणी फिरणारा माणूस म्हणूनच लोक मला ओळखतात. "आवो, सगळं जग कोल्हापुरातनं चप्पल घिऊन जातंय, आन् तुमी?" असं कुणी म्हणालं की मी म्हणायचो, "जगाचं पाय कच्चं हायत." ताठ्यानंच म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं आणि ते चारचौघांत सांगायचं नव्हतं.

खरं कारण माझा लेक.

त्याला नुकताच शाळेत घातला होता. मे महिना होता. पोरं दुपारभर चिंचेखाली खेळली आणि घरोघर गेली, हा तिथंच बुंध्याला टेकून झोपला. चिंचेखाली दुपारचं झोपू नये एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या बायकोनं त्याला उचलून आणला तेव्हा त्याचं अंग माठासारखं गार लागत होतं. बाहेर उन्हाच्या झळा आणि पोराचं अंग गार. दिवेलागणीला ताप चढला तो उतरेना. डोळे उघडे ठेवून आढ्याकडं बघायचं पोरगं आणि म्हणायचं, "आई, सावली काढ. अंगावरची सावली काढ."

डॉक्टरची सुई झाली, औषध झालं. बायकोनं चिंचेच्या मुळाशी दहीभात आणि लिंबाचा उतारा ठेवला. मला करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी चालत सुटलो तो थेट जोतिबाच्या डोंगरावर गेलो. पायात नवी चप्पल होती, तेल पाजून मऊ केलेली, कर्रकर्र वाजणारी. पायरीशी ती काढली आणि देवाला म्हणालो, "पोराला सोडव. त्ये जगंल तवर पायात काय घालणार न्हाय." चप्पल तिथंच ठेवून डोंगर उतरलो. घरी आलो तर पोरगं उठून बसलं होतं आणि भाकरी मागत होतं.

तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की आहे. माझे पाय उघडे आहेत तोवर लेक उभा आहे. बायको गेली, यार्ड सुटलं, पण पाय उघडेच राहिले.

अनवाणी माणसाला एकाच गावात दहा गावं लागतात. लोक म्हणतात, आज ऊन फार आहे. ऊन सगळीकडं तेच असतं, खालची जमीन ते कसं घेते त्यावर सगळं असतं. शिरोळला माझ्या मेव्हण्याचं उसाचं रान आहे. तिथं डांबरी सोडून पाणी पाजलेल्या सरीत पाय टाकला की वाटतं, आपण वैशाखातून उठून पौषात आलो. डोक्यावर सूर्य तोच असतो. आमची गल्लीसुद्धा पूर्वी मातीची होती. बायका सकाळी सडा टाकायच्या, त्याची ओल दुपारपर्यंत मातीत दबून राहायची. वारा यायचा तो चिंचेखालून यायचा आणि येताना गार होऊन यायचा. मग डांबर आलं. मे महिन्यात डांबर मऊ होतं, पाय धरून ठेवतं आणि चटका देऊन मगच सोडतं. त्याच्यावर चालायची माझी रीत होती. कडेचा पांढरा पट्टा धरायचा, पांढऱ्यावर चटका कमी बसतो. पट्टा संपला की गटारीवरची फरशी, ती संपली की भिंतीच्या पायाशी असते ती बोटभर सावली.

डांबरानंतर ब्लॉक आले. सिमेंटचे, राखाडी आणि लाल, एकात एक अडकवलेले. ते माझ्या लेकाच्याच दुकानातले. शाहूपुरीत त्याचं फरशीचं आणि ब्लॉकचं दुकान आहे, चांगलं चालतं. गल्लीत ब्लॉक घालायचे ठरलं तेव्हा गल्लीच्या तोंडाची चिंच आड आली.

"आबा, झाड आतनं पोकळ झालंय," लेक मला म्हणाला. "उद्या कुणाच्या गाडीवर पडलं तर गल्ली माझ्या नावानं शंख करंल."

मी म्हणालो, "तिनं तुला एकदा सोडलंय. दुसऱ्यांदा तिच्या वाटंला जाऊ नको."

तो हसला. "आबा, मला टायफाईड झालता, टायफाईड!"

"डॉक्टरला काय ठावं. तो रातभर घरात जाऊन झोपला. तुझ्याजवळ आमी बसलोतो."

झाड तोडलं. बुंधा जेसीबीनं उपटला, खड्ड्यात मुरूम भरला, वर ब्लॉक बसवले. दोन दिवसांत तिथं असं काही होतं हे सांगूनही पटलं नसतं. फक्त गल्लीचा वारा बदलला. दुपारी तो भट्टीचं दार उघडल्यासारखा यायला लागला. आणि ब्लॉक सूर्य गेल्यावरही निवेनात. दिवेलागणीला दारात उभं राहिलं की खालून ऊब यायची, वरून समोरच्या इमारतीच्या एसीचे डबे मानेवर उष्ण श्वास सोडायचे. त्या इमारतीची भिंत सांजेला म्हशीच्या कुशीसारखी गरम असायची. एकदा सहज हात टेकला तर वाटलं, भिंतीच्या आत कुणीतरी जागं आहे. मी हात काढून घेतला.

मागच्या उन्हाळ्याची गोष्ट. लेकाचा जेवणाचा डबा दुकानात मी पोचवायचो. तो म्हणायचा, "मी गाडीवरनं घरी येतो की जेवायला," पण मी ऐकलं नाही. घरात बसून भाकरी मोडणं मला जमत नाही. सून डबा भरून द्यायची आणि बाराच्या सुमाराला मी निघायचो.

बारा वाजता आमच्या गल्लीत माणूस दिसत नाही. शटर अर्धी ओढलेली असतात, खिडक्यांना पडदे असतात. गाड्यांचे पत्रे उन्हात टकटक वाजतात. ब्लॉकांवरची हवा पाण्यासारखी हलते आणि गल्लीचं तोंड त्यात वाकडं दिसतं. त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडापर्यंत नेहमीसारखे चटके खात गेलो. चिंच होती त्या जागी पाय टाकला आणि चटका थांबला.

पाय गार पडले. ओलं काही नव्हतं. झाडाखालची माती दुपारी जशी लागते तसं, खोल गार. मी वर बघितलं. वर पांढरं आभाळ होतं, दुसरं काही नव्हतं. माझी सावली पायाखाली आखडून बसली होती. तरी तळव्यांना चिंचेची सावली लागत होती, तिची कड कुठं सुरू होते तेसुद्धा कळत होतं. पूर्वी तिथं खाली पडलेली बारीक पानं तळव्यांना टोचायची. एक क्षण तीही टोचली.

मी डबा घट्ट धरला आणि तिथून निघालो. दुकानात पोचल्यावर पहिल्यांदा लेकाचं तोंड बघितलं. तो गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता, ठणठणीत होता.

घरी कुणाला काही बोललो नाही. समोर राहणाऱ्या म्हातारीला मात्र विचारलं. तिनं चिंच बघितलेली, माझी बायको आणि ती तिथंच चिंचा गोळा करायच्या.

"वैनी, चिंचेच्या जागी पायाला काय लागतंय का तुमच्या?"

"गार लागतंय," ती लगेच म्हणाली.

"तुमच्या पायात तर स्लिपर हाय."

"असंना. स्लिपरातनं लागतंय." तिनं इकडंतिकडं बघितलं. "भावजी, झाड तोडलं म्हंजे गेलं व्हय? घर मोडल्यावर माणूस काय करतंय? दुसरी जागा हुडकतंय की न्हाय?"

अवसेला तिनं त्या कोपऱ्यावर दहीभाताचा द्रोण ठेवला. सकाळी तो एका गाडीच्या चाकाखाली चिरडलेला होता.

पुढच्या आठवड्यात गार जागा मोठी झाली. आधी ती फक्त गल्लीच्या तोंडाला होती. मग विजेच्या खांबाच्या अलीकडं आली. मग बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या शटरपर्यंत. संध्याकाळी झाडाची सावली लांबत जाते तशी ती लांबत होती, पण भर दुपारी आणि नेमकी आमच्या घराच्या दिशेनं. मला ती रोज पायांनी मोजता येत होती. गल्लीतलं कुत्रं पूर्वी चिंचेखाली पसरायचं. आता दुपारी ते त्या बाजूला जातच नव्हतं, एखाद्या गाडीखाली घुसून बसायचं. कधी जावंच लागलं तर पंजे उचलत, पाय झटकत पळत जायचं. मी मनात म्हणायचो, जनावराला कळतंय.

सुनेनं एकदा गिरणीसमोर जुन्या साडीवर सांडगी मिरच्या वाळत घातल्या. मी म्हणालो, "पोरी, तिथं सावली हाय. मिरच्या सादळतील."

तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "मामंजी, कुठल्या झाडाची?"

मिरच्या दोन दिवसांत कडकडीत वाळल्या, हातात मोडत होत्या. मी त्या ताटात घेतल्या नाहीत. सावलीत ठेवलेली गोष्ट इतकी कशी वाळते, तिच्यातलं पाणी कुणी ओढलं, हाच विचार माझ्या डोक्यात फिरत राहिला.

मग एके दिवशी लेक भर दुपारी रिक्षात बसून घरी आला. गोदामात ब्लॉकची गाडी उतरवून घेताना त्याला ऊन लागलं होतं. अंग तापलेलं, डोळे लाल. सुनेनं कांद्याचा रस तळपायाला चोळला, सरबत पाजलं, डॉक्टरला फोन केला. तो पलंगावर पडून वर बघत होता. मी उशाशी उभा होतो.

"दिवा घालवा की," तो पुटपुटला. "डोळ्यावर येतंय."

मी दिवा घालवला. तो "सावली काढ" म्हणाला नाही. पण मी ते ऐकायची वाट बघत होतो आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बरा होऊन दुकानात गेला. त्याच दुपारी सावली आमच्या फाटकाशी आली.

फाटकाबाहेर पाय टाकला आणि दोन्ही तळवे गार पडले. आता ती उंबऱ्यापासून एका माणसाच्या लांबीवर होती. त्या दिवशी मी डबा घेऊन गेलो नाही. फाटकात उभा राहिलो. नवस मी बोललो होतो, पाय माझे होते. ती आत येणार असेल तर तिला माझ्या पायांवरून यावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बारापासून ऊन कलेपर्यंत मी ब्लॉकांवर हललो नाही. पाय गार होते, डोकं मात्र तापत होतं. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तिसऱ्या दिवशीही.

"मामंजी, उन्हात पुतळ्यागत कशाला हुभारलाय?" सून आतून ओरडायची. "गल्ली काय म्हणंल? सासऱ्याला भाईर काढलाय म्हणतील!"

"म्हणू दे."

"पुतळा हुयाचं आसंल तर चबुतरा बांधून देतील तुमचं चिरंजीव. माल घरचाच हाय. आत या!"

मी गेलो नाही. ऊन कलल्यावर गेलो, हातपाय न धुता सरळ स्वयंपाकघरात, माठाकडं. पाणी प्यायलो आणि मागं वळलो तर सून फरशीकडं बघत उभी होती. आमच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या टाइल्स आहेत. दारापासून माठापर्यंत माझी पावलं उमटली होती.

"हे काय?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"पाणी सांडलं असंल."

तिनं बोट लावून बघितलं. "पाणी न्हाय हे. चिकट हाय." मग पुढच्या पावलाकडं तिचं बोट गेलं. त्यात लाल होतं.

तिनं मला खुर्चीत बसवलं आणि पाय उचलून बघितले. तिच्या तोंडावरून मला कळलं की तिथं काहीतरी वाईट आहे. मला काहीच होत नव्हतं. दुखत नव्हतं, झोंबत नव्हतं. मी तिला खरं ते सांगितलं. चिंच, सावली, ती गल्लीच्या तोंडापासून फाटकापर्यंत कशी आली, सगळं. सून कोडोलीची आहे, जोतिबाच्या वाटेवरची. नवस म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नाही. ती हसली नाही. उठली, फाटकाशी गेली, पायातली सपात काढली आणि मी दाखवलेल्या जागी पाय टेकला.

"आई गं!" ती एका पायावर नाचत मागं आली. "मामंजी, तवा हाय तवा! भाकरी भाजंल!"

"तुझं पाय मऊ हायत."

"बरं, माझं मऊ. तुमचा हात तर मऊ न्हाय? जलमभर ढेपा उचललासा. टेका हात."

"हात कशाला टेकू?"

"भ्यालासा?"

असं मला कुणी म्हटलेलं नाही. मी भिंत धरत फाटकाबाहेर गेलो, नेहमीच्या जागी उभा राहिलो, वाकलो आणि पायांच्या मधोमध उजवा तळहात ठेवला.

हात भाजला. मी तो झटक्यानं उचलला, तरी कातडी लाल झाली होती. ऊन कललं होतं, तरी ब्लॉक तसाच पेटलेला होता. आणि त्याच ब्लॉकावर, त्याच क्षणी, माझे दोन्ही पाय झाडाखालच्या गारव्यात उभे होते. मी डावा हात टेकला. तोही भाजला. मग पायांकडं बघितलं. ते माझे वाटेनात. दुसऱ्या कुणाचे तरी पाय माझ्या खाली उभे आहेत आणि ते कुठल्या तरी दुसऱ्या दुपारी उभे आहेत असं वाटलं.

सून म्हणाली, "कळलं?"

मला कळलं, पण तिला वाटलं ते नाही. सावली जमिनीवर नव्हतीच. ती माझ्या पायांत होती. मी तिला गल्लीतून घराकडं येताना बघत होतो आणि ती रोज माझ्याच पायांतून घरी येत होती.

आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. ती लेकासाठी आली नव्हती. तिनं मला धरलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरनं नायलॉनचा ताठ दोरा माझ्या तळव्यांना टोचून विचारलं, "आजोबा, लागतंय का?" मी म्हणालो, "कधी टोचणार हायसा?" तो म्हणाला, "टोचून झालं." रक्तात साखर निघाली, भरपूर आणि जुनी. गुळाच्या हमालाला साखर, असं म्हणून लेकानं हसायचा प्रयत्न केला, पण त्याला हसू आलं नाही. डॉक्टर समजावून सांगत होता. साखरेनं पायाच्या नसा मरतात. मग चटका कळत नाही. काहींना मुंग्या येतात, काहींना उगीच गार लागतं. मी विचारलं, "मग पयल्यांदा चिंचेच्याच जागी गार का लागलं?" तो म्हणाला, "तुमच्या मनात ते होतं, आजोबा." मी म्हणालो, "मनात तर गूळबी हुता. त्यो का लागला न्हाय?" त्यानं फाईल मिटली.

मग तो लेकाला म्हणाला, "यापुढं एक पाऊलही अनवाणी नाही. घरातसुद्धा मऊ सँडल घालायची. नाहीतर हा उजवा पाय कापावा लागेल."

"कापा," मी म्हणालो.

"आबा!"

"कापा म्हंतोय मी. पायात घालणार न्हाय. माझं आन् देवाचं बोलणं झालंय."

लेकाला नवस माहीत होता, पण कधी आमच्यात बोलणं झालं नव्हतं. त्यानं मला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं, व्हरांड्यात थांबवलं. सून हातात सँडलचा डबा घेऊन उभी होती, डोळ्यांत पाणी होतं.

"आमच्या कोडोलीत," ती भिंतीकडं बघत म्हणाली, "बाप थकला की नवस लेक उचलतोय. माझ्या वडलांचा माझ्या भावानं उचललाय. देवाला चालतंय त्ये."

लेक तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्यासमोर खाली बसला. "आबा, नवस कुणापायी बोललासा?"

"तुज्यापायी."

"मग मी हाय की. जित्ता हाय." त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या. चांगले महागाचे बूट होते. मोजे काढून बुटात कोंबले आणि बूट सुनेच्या हातात दिले. "तुमी बोललासा, आता मी चालतो. घाला सँडल."

"लेका, तुला जमणार न्हाय."

"तुमचाच हाय न्हवं मी?"

तो गाडी आणायला गेला. दवाखान्याच्या अंगणात ब्लॉकच होते आणि दुपार होती. पहिली चार पावलं तो मोठ्या ऐटीत चालला. मग एक पाय उचलला, मग दुसरा, मग सरळ उड्या मारत पळत सुटला. दारातला वॉचमन हसला. सून रडता रडता हसली. मी हसलो नाही. त्याला चटका लागतोय हे मी डोळ्यांनी बघितलं आणि मग पाय पुढं केले. सुनेनं सँडल चढवली. ती पायात आहे हे मला कळलंसुद्धा नाही.

पाय बरे व्हायला बरेच दिवस गेले. मग आम्ही तिघं जोतिबाला जाऊन आलो, लेकानं देवासमोर सांगितलं आणि विषय मिटला. पाय राहिला.

आता डबा कुणी नेत नाही. लेक दुपारी घरी जेवायला येतो, गाडी गल्लीच्या बाहेर लावतो आणि अनवाणी आत येतो. बाहेरच्या डांबरीवर पांढऱ्या पट्ट्याची, गल्लीत गटारीच्या फरशीची, भिंतीकडच्या सावलीची वाट मी त्याला शिकवली. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "ह्ये असलं इकतोय व्हय मी लोकास्नी?" आमच्या अंगणातले ब्लॉक त्यानं उचलले, माती आणि हरळी घातली. दारातला वारा तेवढा तरी बदलला. पिस्तुलासारखं एक यंत्रही त्यानं आणलं. नेम धरला की लाल ठिपका पडतो आणि ती जागा किती तापली आहे ते यंत्रावर उमटतं. एका दुपारी त्यानं मला गाडीचा पत्रा, भिंत, ब्लॉक, अंगणातली हरळी असं सगळं मोजून दाखवलं. मी म्हणालो, "आकडं मला नगोस सांगू. चिंचेच्या जागी काय म्हणतंय त्येवढं सांग."

तो तिथं गेला. ठिपका धरला. मग यंत्र बघितलं, पुसलं आणि पुन्हा धरला.

"काय म्हणतंय?"

"बाकीसारखंच," तो म्हणाला. मग दोनदा का मोजलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिथं झाड लावूया असं तो म्हणाला होता. मी नको म्हणालो. आधी ती जागा रिकामी आहे हे कळू दे.

आता दुपारी मी दारात खुर्ची टाकून बसतो. पायात सँडल, पाय हरळीवर. लेक गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी उठून उभा राहतो. तो चिंचेच्या जागी पोचला की मी ओरडतो, "कसं हाय रं?"

"पोळतंय!" तो ओरडतो आणि उडी मारतो. मग मी खाली बसतो.

सून म्हणते, "बापानं लेकाचं चटकं मोजायला बसावं, असं कुठं बघितलं न्हाय." म्हणू दे. तो "पोळतंय" म्हणेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

काल तो आला. त्या जागी पोचला. मी विचारलं, "कसं हाय रं?"

त्यानं पाय उचलला नाही. खाली बघत उभा राहिला.

"लेका, कसं हाय?"

"आज जरा कमी हाय, आबा," तो म्हणाला.

सून आतून म्हणाली, "आभाळ आलंय न्हवं, वळीव ईल." मी वर बघितलं. पन्हाळ्याच्या अंगानं खरंच ढग माथ्यापर्यंत चढला होता आणि सूर्य त्याच्या कडेला टेकला होता.

तरी मी खुर्चीवरून उठलो, फाटक उघडलं आणि सँडल घालून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. लेकाला हाताला धरून बाजूला घेतलं. मग वाकलो आणि चिंचेच्या जागी हात टेकला.

हात पोळला नाही; मी तो बराच वेळ उचलला नाही. ढग आला होता, हे खरं आहे.